बर्फावरील घसरण आणि भित्रा नवशिका

पायांस लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळास स्की म्हणतात. कोंकणांत वा देशावर वाढलेल्या आम्हां लोकांच्या पायांस बर्फाची ओळख नसते. तेव्हां प्रथम छाती धडधडली तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. खरी धास्ती वाटते ती थांबतां न येण्याची. म्हणून स्थळ निवडतांना शिखराची कीर्ति बाजूस ठेवून पायथ्याचा उतार पाहावा. तो मंद असून खालीं सपाट मैदान असलें, म्हणजे न थांबतां आलें तरी वेग आपोआप ओसरतो.

काश्मीरांतील गुलमर्ग या दृष्टीनें सोयीचें आहे. सुमारें २,६५० मीटर उंचीवरील हें विस्तीर्ण कुरण हिवाळ्यांत बर्फानें झांकून जातें. १९२७ सालीं ब्रिटिशांनीं येथें स्की क्लब काढला. १९६८ सालीं स्थापन झालेली सरकारी शिक्षणसंस्थाही येथेंच आहे. फळ्यांचीं पुढचीं टोंकें जवळ आणून मागचीं फांकविलीं कीं वेग मंदावतो, हा पहिला धडा या कुरणावर निर्धास्तपणें गिरवितां येतो. तोल गेलाच तर कुशीवर पडावें.

मात्र येथूनच तारेवरचे पाळणे अफरवाट पर्वतावर सुमारें ३,९५० मीटरांपर्यंत जातात. वरचे उतार तीव्र, बर्फ न दाबलेलें, आणि हिमलोटाचें भय! सोबती कितीही चिडवोत, नवशिक्यानें तेथून हिमशिखरें डोळे भरून पाहावीं, आणि फळ्या खांद्यावर घेऊन पाळण्यांतूनच खालीं यावें.