सर्व्हरवर कोणतं गिट ठेवायचं?

एकाच लिनक्स मशीनवर दहा जण काम करत असतील, तर आवृत्तीचा प्रश्न हौसेचा राहत नाही, सुरक्षेचा होतो. एप्रिल 2022 मध्ये गिटमधली एक त्रुटी जाहीर झाली: वरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणी '.गिट' तयार करून ठेवलं, तर त्यातल्या सेटिंगमधून तुमच्या नावाने त्याची कमांड चालू शकत होती. एकट्याच्या लॅपटॉपवर हा धोका नगण्य. सामायिक मशीनवर मात्र खराच. उपाय 2.35.2 मध्ये आला, त्याच दिवशी 2.30 ते 2.34 या जुन्या मालिकांसाठीही.

पण नुसता आकडा बघून घाबरू नका. उबुंटू 22.04 वर आजही 2.34.1 दिसतं, तरी दुरुस्ती त्या पॅकेजमध्ये मागाहून घातलेली आहे. माझं मत स्पष्ट आहे: डिस्ट्रोचंच पॅकेज घ्या, अपडेट चालू ठेवा. नावात 'आरसी' असलेली, म्हणजे अजून चाचणीत असलेली, आवृत्ती घरच्या मशीनवर खुशाल वापरा, इथे नको.

अपडेटनंतर गिटने 'ड्युबियस ओनरशिप' (फोल्डरचा मालक वेगळा) अशी तक्रार केली, तर 'सेफ डॉट डिरेक्टरी' या सेटिंगमध्ये फक्त त्या फोल्डरचा मार्ग लिहा. तिथे तारांकन (*) टाकून सगळंच मोकळं करू नका, प्लीज!