डिलिव्हरीचा रस्ता कोण ठरवणार: मोबाईल, कागदी नकाशा की माणूस?



धंदा सुरू करताना आपण भांडवल, माल, जीएसटी सगळ्याचा हिशोब करतो. पण माल गिऱ्हाइकाच्या दारात कुठल्या रस्त्याने जाणार, हे मात्र मोबाईलवर सोडून देतो. आज त्यावरच बोलू. यात पैशाचा प्रश्न आहे आणि जिवाचाही आहे.

जानेवारी २०२१ मधली घटना. पुण्याहून तिघं जण कळसूबाईच्या ट्रेकला निघाले होते. रात्रीची वेळ. मॅपने जवळचा म्हणून अकोले तालुक्यातल्या कोतूळचा रस्ता दाखवला. रस्ता खरा होता, पण पुढचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी थेट पाण्यात गेली. दोघं पोहून बाहेर आले. ड्रायव्हर बुडाला. पूल पाण्यात आहे, हे गावातल्या लोकांना माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, सॅटेलाइट चुकला का? नाही. उपग्रहांच्या सिग्नलवरून फोन फक्त तुमची जागा काढतो, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते. पुढचा रस्ता चालू आहे का, हे अ‍ॅपमध्ये भरलेल्या माहितीवर ठरतं. शहरात हजारो फोन चालू असतात, म्हणून ट्रॅफिक लगेच कळतं. आडरस्त्याला रात्री दोन गाड्या जातात, तिथे कोण सांगणार?

मग कागदी नकाशा बरा का? भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे बनवतोय. त्यांच्या १:५०,००० च्या नकाशात २ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी. ओढा कुठे, नदी कुठे, गावं कशी जोडलीत, हे एका नजरेत दिसतं. पण आज पाणी किती आहे, ते कागदालाही कळत नाही. आपल्याच तालुक्यात बघा, नाथसागर भरला की पाणी कायगाव टोक्याकडे चढतं. पावसाळ्यात छोटे पूल कधी बंद होतील, हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं.

म्हणून माझा सल्ला असा: फोन वापरा, पण स्वतःच्या धंद्याचा नकाशा स्वतः बनवा.

१. प्रत्येक लाइनचा एक कागद करा. लासूर स्टेशनची लाइन वेगळी, वाळूजची वेगळी. त्यावर गाव, खूण (पाण्याची टाकी, सोसायटी, शाळा), तिथल्या एका दुकानदाराचा नंबर, पावसात बंद होणारा ओढा आणि दुसरा रस्ता लिहा. एक प्रत गाडीत, एक दुकानात.

२. जादा किलोमीटर मोजा. समजा गाडी रोज ९ किमी जास्त फिरते. २५ दिवसांचे झाले २२५ किमी. १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर १५ लिटर डिझेल. ९० रुपयांनी महिन्याला १,३५० रुपये गेले. हे कुठल्याच बिलात दिसत नाही.

३. आपल्या दुकानाचा पत्ता पूर्ण द्या. नुसतं "गंगापूर" टाकलं तर नाशिकचं गंगापूर धरणही येतं आणि राजस्थानचं गंगापूर सिटीही. जिल्ह्याचं नाव बदललंय, पण लोकांच्या तोंडात अजून जुनं आहे. त्यामुळे तालुका, जिल्हा, पिनकोड, जवळची खूण आणि लोकेशन, सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवा.

४. निघण्याआधी ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा. रेंज गेली तरी फोन जागा दाखवतो.

५. हा नियम सगळ्यात मोठा. रस्त्यावर पाणी दिसलं, किंवा रात्री मॅपने अनोळखी आडरस्ता दाखवला, तर ड्रायव्हरने गाडी थांबवायची, कुणाला तरी विचारायचं, नाहीतर परत फिरायचं. उशीर झाला म्हणून त्याचे पैसे कापायचे नाहीत. हे त्याला आधीच, तोंडावर सांगा. कारण मालकाच्या फोनची भीती असली की माणूस पाण्यातही गाडी घालतो.

गिऱ्हाईक एक दिवस उशिराचा माल समजून घेतं. नाही घेतलं तर दुसरं मिळतं. पण गाडी घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी घरी पोहोचला पाहिजे, ही जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची आहे.

या रविवारी एक तास काढा, ड्रायव्हरला शेजारी बसवा आणि पहिल्या लाइनचा कागद तयार करा. पेन त्याच्या हातात द्या, रस्ता त्याला जास्त माहीत आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.