नंदादीपाची राखण

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसतात आणि त्यांच्याशेजारी अखंड नंदादीप तेवू लागतो. तो विझू नये याची काळजी सारे घर वाहते. तो भलतीकडे पेटू नये, याचा विचार क्वचितच होतो.

पूर्वी वाड्यात देवघर निराळे असे. आजच्या सदनिकेत पुष्कळदा स्वयंपाकघराचा कोपराच देवाच्या वाट्यास येतो, आणि हातभर अंतरावर गॅसची टाकी! हा वायू हवेहून जड. गळती झालीच तर तो जमिनीलगत पसरतो, आणि समईही तेथेच असते. म्हणून घट शक्यतो दुसऱ्या खोलीत बसवावेत. ते न जमल्यास निजण्यापूर्वी टाकीचा रेग्युलेटर आठवणीने बंद करावा.

समई परातीत कोरडी वाळू पसरून तीत ठेवावी. उंदीर तेलकट वात पळवतात, हे जुन्या बायकांना पक्के ठाऊक होते. ज्योतीभोवती काचेची चिमणी असावी. काजळी झाडताना पदर खोचून घ्यावा. तेल भडकल्यास पाणी कदापि ओतू नये, धातूचे ताट झाकावे. हात भाजलाच तर हळद न लावता 20 मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा.

सर्वांनाच बाहेर जाणे भाग पडले तर? पेटता दिवा मागे ठेवून घरास कुलूप लावू नये. नमस्कार करून तो शांत करावा. जाण्यापूर्वी त्याच ज्योतीवरून शेजारणीच्या समईची वात लावून घेतली, तर परतल्यावर ती निरांजनातून पुन्हा घरी आणता येते.