कोपऱ्यातली खूण

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचं नाव निघालं की रामदास तडस आठवतात. 'विदर्भ केसरी' किताब मिळवलेले हे पैलवान 2014 ते 2024 वर्ध्याचे खासदार होते. नाव पैलवानाचंच लक्षात राहतं, कारण कुस्ती बघताना आपले डोळे जोडीवर खिळलेले असतात. कडेला उकिडव्या बसलेल्या वस्तादाकडे कोण बघतो?

तालमीत वस्ताद बोलतो कमी, हात जास्त लावतो. समोरच्याचे पाय धरून पट काढताना आपली कंबर वर राहते, हे पैलवानाला दिसत नाही आणि दहादा सांगूनही कळत नाही. वस्ताद मागून कमरेवर पंजा ठेवून दाबतो, पुढच्या गुडघ्यावर थाप देतो. 'एवढं खाली' म्हणजे किती, ते अंगालाच कळतं.

मॅटवर मात्र हात पोचत नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. डोक्याला डोकं भिडलं की वस्तादाचा कोपरा दिसत नाही, आणि गलक्यात आवाज ओळखू आला तरी शब्द लागत नाहीत. पंच कुस्ती थांबवून दोघांना मध्ये आणतो, तेव्हा क्षणभर नजरानजर होते. तेवढ्यात काही सांगायचं तर खूण तालमीतच ठरलेली हवी. समजा, तळवा खाली दाबला तर दम खा. दोन्ही हात पुढे रेटले तर त्याला बाहेर काढ, कारण त्याचा पाय हद्दीबाहेर पडला की 1 गुण. अर्थात खूण समोरच्यालाही दिसते, म्हणून ती अधूनमधून बदललेली बरी.

सगळ्यात महाग पडते ती न ठरवलेली खूण. गुण गेला की वस्ताद कपाळावर हात मारून घेतो, आणि पैलवान उठताना नेमका तिकडेच बघतो. त्यापेक्षा एखादी शिवी परवडली!

विश्रांतीत टॉवेल, पाण्याचा घोट, दंड मोकळे करणं. वस्तादाने समोर गुडघ्यावर बसावं, डोळ्याला डोळा द्यावा आणि एकच गोष्ट सांगावी. उभं राहून बोट नाचवलं तर धापा टाकणाऱ्याला बोटच दिसतं, सूचना नाही.

पंचांचा निर्णय पटला नाही, तर वस्ताद मॅटवर मऊ ठोकळा फेकतो. म्हणजे व्हिडिओ तपासा. आव्हान फसलं तर समोरच्याला 1 गुण मिळतो. म्हणून पंच आधी पैलवानाकडे बघतात. त्याने नकारार्थी मान हलवली, की ठोकळा कोपऱ्यात परत जातो.