जास्त अँपिअरचा चार्जर घेतला की फोन जोरात चार्ज होतो का?

पुसदहून एकानं व्हॉइस नोट पाठवली: "भाऊ, माह्या फोनसोबत १ अँपिअरचा चार्जर होता. दुकानदार म्हणते ३ अँपिअरचा घे, तिप्पट जोरात चार्ज होईन. घेऊ काय?"

आधी एक गोष्ट पक्की करू. चार्जर फोनमध्ये करंट ढकलत नाही, फोन तो ओढतो. वर छापलेले ३ अँपिअर म्हणजे 'मी इथपर्यंत देऊ शकतो', एवढंच. शेतातलं ठिबक पाहिलंय ना? विहिरीला पाणी कितीही असो, तासाला ४ लिटरचा ड्रिपर ४ लिटरच सोडतो. फोनमधली चार्जिंगची चिप म्हणजे तो ड्रिपर. म्हणूनच लॅपटॉपचा ६५ वॉटचा चांगला टाइप-सी चार्जर लावला तरी फोन फुटत नाही.

मग फायदा कधी? फोन २ अँपिअर मागतोय आणि चार्जर १ च देतोय, तेव्हा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. ५ व्होल्ट गुणिले १ अँपिअर म्हणजे ५ वॉट. वाया जाणारं धरून साडेचार-पाच तास लागतील. २ अँपिअरवर अडीच. पण तुमचा फोनच २ वर थांबत असेल, तर ३ अँपिअरवाल्यावरही तेच अडीच तास! शिवाय बाजारातल्या चार्जरवरचे ३.१ अँपिअर बऱ्याचदा दोन्ही पोर्ट मिळून असतात.

फास्ट चार्जिंगचं गणित वेगळं. तिथं चार्जर आणि फोन आधी आपसात बोलतात, मग व्होल्टेज ५ वरून ९ वर किंवा त्याहून वर जातं. पॉवर डिलिव्हरी, क्विक चार्ज या त्यांच्या भाषा. भाषा जुळली नाही की दोघं गुपचूप ५ व्होल्टवर येतात. मग ६७ वॉटचा महागडा चार्जरही रांगतो. केबल बारीक तारेची असली तरी तेच.

आपल्याकडचं अजून एक. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं, आणि सगळे म्हणतात 'म्हणून फोन चार्ज होत नाही'. चार्जरवर इनपुट वाचा: १०० ते २४० व्होल्ट. पंखा रेंगाळतो, पण चार्जर १७० व्होल्टवरही तेवढंच आऊटपुट देतो.

खरा वैरी ऊन. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते, आणि मे महिन्यात यवतमाळात हवाच ४४-४५ ला जाते! फोन तापला की चिप स्वतःच करंट कमी करते. तेव्हा गादीवर, उशीखाली नको. कव्हर काढून फरशीवर ठेवा.

तर पुसदवाल्या भाऊ, तुझा फोन किती वॉट घेतो ते त्याच्या माहितीत बघ. १० वॉट असेल तर ५ व्होल्ट २ अँपिअरचा घे, ३ च्या मागे लागू नको. घेताना चार्जरवरचा 'आर' नं सुरू होणारा बीआयएस नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाक. दुकानातच, पैसे देण्याआधी.