एक यादी, दोन ताटं

नवऱ्याला पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि बायकोला सिलिअ‍ॅक आजार. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं, की तिची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. आठवड्याचा स्वयंपाक आणि किराणा दोघांच्याही मोबाइलवर दाखवणारं सामायिक अ‍ॅप अशा घरात खरोखर कामाचं. तिच्या नावापुढे ‘ग्लुटेन नको’ अशी खूण केली, की भाजी-आमटी दोघांची, भाकरी तिची, पोळ्या त्याच्या, असा आठवडा आखता येतो. कामावरून येताना जो दुकानात शिरेल, त्याच्या हातात यादी तयार.

घोटाळा होतो तो हिंगाच्या डबीत. यादीत नुसतं ‘हिंग’ असतं आणि बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. फोडणी मात्र दोघांची एकच! ज्वारीचंही तसंच. ज्वारीत ग्लुटेन नाही. पण गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असेल, तर ते थोडं तिच्या पिठात उतरतंच. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. परातीला चिकटलेली चिमूटभर कणीकसुद्धा भाकरीला या मर्यादेपलीकडे नेऊ शकते.

म्हणून यादीत ‘हिंग’ पुसून ‘गहू नसलेला हिंग, घटक वाचून’ असं लिहावं. ज्वारी घरघंटीवर दळावी किंवा ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं पीठ आणावं. आणि पुढच्या खरेदीत आणखी एक परात.