लालबागच्या फाटकाला आधी ओतारी दाखवा

इंदूरच्या होळकरांच्या लालबाग राजवाड्याच्या डागडुजीची चर्चा निघाली की फाटकाबद्दलचं वाक्य ठरलेलं: हुबेहूब बकिंगहॅम पॅलेससारखं, इंग्लंडात ओतून बोटीनं आणलेलं. इंदूरकर कौतुकानं सांगतात, सांगू देत. पण बकिंगहॅमचं आजचं फाटक तरी कुठे फार जुनं? ब्रॉम्सग्रोव्ह गिल्ड या कारागीर मंडळीनं ते १९११ च्या सुमारास केलं. लालबागचं बांधकाम १८८६ ते १९२१ चाललं. म्हणजे दोन्ही फाटकं जवळपास एकाच काळातली. मला त्या नकलेपेक्षा फाटकावरचं होळकरांचं राजचिन्ह जास्त मोलाचं वाटतं. प्रयत्न करणाऱ्याला यश, असा त्यातल्या ब्रीदाचा अर्थ.

खरी काळजी आहे ती लोखंडाच्या जातीची. हंगेरीतल्या फर्टोडला एस्टरहाझी प्रासादाचं रोकोको फाटक घडीव लोखंडाचं आहे. वाकलेली वेल तापवून, ठोकून लोहार पुन्हा वळणावर आणू शकतो. लालबागच्या फाटकासारख्या ओतीव बिडाचं तसं नाही. त्यात कार्बन भरपूर. घणाचा घाव बसला की तुकडाच पडतो. साध्या सळईनं वेल्डिंग केलं, तर सांधा टिकतो आणि शेजारीच नवा तडा जातो. भाग आधी तापवायचा, निकेलची सळई वापरायची, मग सावकाश निवू द्यायचा. एवढा वेळ ठेकेदार देईल?

नक्षीतलं तुटलेलं पान नव्यानं ओतायचं झालं तर वेगळीच गंमत. जुनंच पान रेतीत दाबून साचा घेतला, तर नवं पान लहान निघतं, कारण बीड निवताना साधारण एक टक्का आकसतं. मीटरभर लांबीला सेंटिमीटरभर फरक, आणि पानाची भोकं खालच्या पट्टीशी जुळत नाहीत. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा वाढवून करावा लागतो. हे हिशेब ओताऱ्याच्या बोटांवर असतात, निविदेच्या कागदात क्वचितच.

आपल्याकडे मात्र डागडुजी म्हणजे रंग! जुन्या थरांवर नवा जाड थर, नक्षी बुजलेली, आत साचलेलं पाणी गंज वाढवतंय आणि फुगलेला गंज सांधे उचकटतोय. थर खरवडून तळाचा मूळ रंग आधी पाहायला हवा.

या सगळ्या कामासाठी विलायतेला जायला नको. इंदूरच्याच पोलोग्राउंडच्या वर्कशॉपांत लोखंडात आयुष्य काढलेली माणसं आहेत. निविदेत एक अट घाला: आधी एकच पान ओतून, बसवून दाखवा, रंगाचं बिल नंतर.